निवृत्तीचा पैसा, सोन्याची वेढणी आणि प्राप्तिकर

माढा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होणारा शिक्षक असो, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातला कामगार असो वा साखर कारखान्याचा कर्मचारी असो, आयुष्यभराच्या नोकरीनंतर हाती येणाऱ्या एकरकमी पैशातला काही वाटा सराफाच्या पेढीवर नेण्याची ओढ जुनी आहे. यात गैर काहीच नाही; मात्र पैशाचे सोने झाले की कराचे नियमही पालटतात, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही.

निवृत्तीच्या रकमेला कायद्याने उदार सवलत दिली आहे. सरकारी कर्मचाऱ्याचे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, आणि निवृत्तीच्या वेळचे रजेचे रोखीकरण पूर्णपणे करमुक्त असते; खासगी नोकरीत ही सूट अनुक्रमे २० लाख आणि २५ लाख रुपयांच्या मर्यादेत मिळते, आणि सलग पाच वर्षे नोकरी झाली असल्यास भविष्यनिर्वाह निधीवरही कर लागत नाही. येथूनच एक गैरसमज रुजतो, तो असा की करमुक्त पैशातून घेतलेले सोनेही करमुक्तच राहते. वस्तुतः सूट त्या रकमेपुरती असते. सोने ही कायद्याच्या दृष्टीने नवी भांडवली मालमत्ता ठरते आणि तिचा हिशेब खरेदीच्या दिवसापासून नव्याने सुरू होतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना वेगळी सोय आहे. तेथे निवृत्तीच्या खात्यातच ठरावीक शुद्धतेचे सोने मान्यताप्राप्त संस्थेच्या ताब्यात ठेवता येते आणि पारंपरिक खात्यात पैसे वा धातू बाहेर काढेपर्यंत कर लांबतो. तेच सोने घरी आणले तर ती रक्कम काढली असे धरून कर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असल्यास बहुधा १० टक्के दंडही लागतो. भारतात प्रत्यक्ष सोन्याला असे खात्याचे कवच नाही.

समजा, ५ लाखांची वेढणी, म्हणजे शुद्ध सोन्याची साधी वळी, घेतली, तर त्यावर ३ टक्के जीएसटीचे १५ हजार रुपये लागतात आणि विकताना ते परत मिळत नाहीत. दागिना घेतल्यास घडणावळही मोजावी लागते, म्हणून केवळ बचतीसाठी पाटल्या-बांगड्या घडवणे हा महागाचाच मार्ग म्हटला पाहिजे. तीच वेढणी तीन वर्षांनी ८ लाख १५ हजारांना विकली, तर नफा ३ लाखांचा होतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, म्हणजे ३७,५०० रुपये, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ३९ हजार; महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची जुनी सवलत आता उरलेली नाही. विक्री २४ महिन्यांच्या आत झाली, तर नफा निवृत्तिवेतनासह इतर उत्पन्नात मिळवला जातो आणि टप्प्याप्रमाणे कर लागतो. चांदीलाही हाच नियम आहे. मुदत ठेवीच्या व्याजावर दरवर्षी कर द्यावा लागतो, सोन्यावर तो विक्रीपर्यंत लागत नाही, हा सोन्याचा खरा लाभ मानावा लागेल.

जुनी पाटली मोडीत देऊन नवा दागिना घेणे ही केवळ अदलाबदल वाटते, पण कायद्याने तीही विक्रीच आहे आणि तिच्यातही नफा मोजावा लागतो. वारशाने सोने मिळणे करपात्र नाही. मात्र मुलाने ते पुढे विकले की वडिलांची खरेदी-किंमत आणि वडिलांनी ते जवळ ठेवल्याचा काळ, दोन्ही त्याच्या हिशेबात धरले जातात. त्यामुळे वडिलांनी घेतलेल्या वेढण्यांची पावती ही पुढच्या पिढीच्याही कामाची वस्तू आहे, आणि यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची शाई काही वर्षांत उडून जाते, म्हणून तिची झेरॉक्स काढून ती वेढण्यांच्या डबीतच घडी करून ठेवावी.