बारीक दोराचा मान, माशाचा जीव

कृत्रिम माशी लावून मासा गरवण्याच्या खेळात, म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये, एक मूल्य जवळपास तीनशे वर्षं पक्कं होतं: दोर जितका बारीक, तितका गरवणारा थोर. आयझॅक वॉल्टनच्या मासेमारीवरच्या प्रसिद्ध ग्रंथाला १६७६ मध्ये चार्ल्स कॉटननं दुसरा भाग जोडला. नितळ पाण्यात दोर बारीक ठेवावा आणि लांबवर टाकावा, हा त्याचा सल्ला. त्या काळी दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा वळलेला असे. पाण्यात झाडझाडोरा नसताना, गळाजवळ दोनच केस ठेवून ज्याला वीस इंची ट्राउट मारता येत नाही, त्यानं मासे गरवणारा म्हणून मिरवू नये, इतकं कडक मत त्यानं नोंदवलं आहे.

त्या काळाच्या चौकटीत हे मूल्य न्याय्यच होतं. मासा हाती लागला की तो ताटात जाणार, हे ठरलेलं. अशा वेळी आपणहून बारीक दोर घेणं म्हणजे माशाला निसटून जायची खरीखुरी संधी देणं. चूक गरवणाऱ्याची झाली तर सुटका माशाची व्हायची. या व्यवहारात गरवणाऱ्याच्या पदरचं काहीतरी जात होतं, म्हणून त्याला मान होता.

हाच विचार पुढे समुद्रावर गेला. कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटावर १८९८ मध्ये चार्ल्स होल्डर यांनी ट्यूना क्लब स्थापन केला. हातदोरानं मोठाले मासे भराभर ओढून काढायचे आणि बरेचसे वाया घालवायचे, या प्रकाराला आळा घालायला त्यांनी रॉड, रीळ आणि ठरावीक ताकदीचा लिननचा दोर अशी बंधनं घातली. पण पहिला आक्षेपही त्याच किनाऱ्यावरून आला. कादंबरीकार आणि मातब्बर गरवणारे झेन ग्रे यांनी १९१९ च्या ‘टेल्स ऑफ फिशेस’मध्ये अतिहलक्या साहित्यावर टीका केली. अशा दोरावर मासा हाती येण्यापेक्षा दोर तोडून गळासकट जाण्याचे प्रसंगच जास्त, मग यात माशाचं भलं कुठे झालं, असा त्यांचा रोख होता. या प्रश्नाकडे पुढची कित्येक वर्षं खेळानं पाठ फिरवली.

१९३९ साली या गोष्टीला वेगळं वळण लागलं. अमेरिकन ली वुल्फ यांचं गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचं पुस्तक त्या वर्षी आलं. खेळासाठी धरायचा मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नाही, म्हणून तो सोडून द्यावा, ही भूमिका त्यांनी त्यात मांडली. त्याच वर्षी विक्रमांची नोंद ठेवणारी इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन, म्हणजेच आयजीएफए, न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. आणि त्याच सुमाराला नायलॉनचा दोर, आपल्याकडचा तंगूस, बाजारात येऊ लागला. तोवर टिपेट, म्हणजे माशीजवळचा शेवटचा आणि सगळ्यात बारीक तुकडा, रेशीमकिड्याच्या ग्रंथींपासून ओढून काढलेल्या धाग्याचा असे. तो वापरण्याआधी भिजवून मऊ करावा लागे. नायलॉननं ती कटकट संपवली आणि बारीक दोर कुणालाही सहज मिळू लागला.

मासा सोडून द्या आणि साहित्य हलकं वापरा, या दोन्ही गोष्टींचा पुरस्कार वुल्फ यांनीच केला. अटलांटिक सॅमनसाठी लांब, जड रॉड हवेत ही समजूत मोडायला ते सहा फुटी बांबूचा रॉड घेऊन न्यूफाउंडलंडच्या नद्यांवर उतरले. एकदा तर रॉडशिवाय, नुसत्या हातानं दोर फेकून त्यांनी सॅमन काढला. १९६७ मध्ये इक्वेडोरजवळ त्यांनी १४८ पौंडांचा मार्लिन १२ पौंडी टिपेटवर काढला. हे कौशल्य विलक्षण होतं, यात शंका नाही. पण त्यांच्या दोन शिकवणी एकमेकींना छेद देऊ शकतात, हे लक्षात यायला बरीच वर्षं जावी लागली.

दरम्यान मासा सोडण्याची रीत रुजत गेली. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात १९५४ मध्ये काही ओढ्यांवर केवळ आनंदासाठी मासेमारीचा प्रयोग झाला. मिशिगनमध्ये ऑ सेबल नदीकाठी १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही संस्था उभी राहिली. यलोस्टोन नदीवर १९७३ पासून कटथ्रोट ट्राउट सोडून देणं बंधनकारक झालं. तिथल्या माशांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एकेक मासा हंगामात सरासरी ९.७ वेळा गळाला लागत असल्याचं दिसलं. तरीही दर खेपेला मरणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आसपास होतं. थंड पाण्यात, नीट हाताळून सोडलेला मासा जगतो, याचा हा भक्कम पुरावा आहे.

पण मानाची मोजपट्टी जुनीच राहिली. १९७८ मध्ये माशीवरच्या विक्रमांची नोंद आयजीएफएकडे आली आणि टिपेटच्या ताकदीनुसार गट ठरले; पुढे ते २, ४, ६, ८, १२, १६ आणि २० पौंड असे झाले. गट जितका खालचा, तितका विक्रम कौतुकाचा. फ्लोरिडातल्या होमोसासाच्या उथळ पाण्यात दोनशे पौंडी टारपन माशाचा ध्यास घेऊन माणसं वर्षानुवर्षं जात राहिली. अखेर २००१ मध्ये जिम हॉलंड ज्युनियर यांनी २०२ पौंड ८ औंसांचा टारपन २० पौंडी टिपेटवर काढला. इकडे ओढ्या-नद्यांवर १९८० च्या दशकापासून रॉड हलके होत गेले. रॉडचा क्रमांक त्यावरच्या दोराच्या वजनावरून ठरतो. पाच नंबरच्या दोराच्या पहिल्या तीस फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. एक नंबरच्या दोराचं तेच वजन ६० ग्रेन, म्हणजे ४ ग्रॅमही नाही. त्याच्याही खालचे, शून्य आणि त्याहून हलक्या क्रमांकांचे रॉड पुढे निघाले.

या हलकेपणाची किंमत कोण मोजतं, हे पाहायला गळाला लागलेल्या ट्राउटकडे जरा जवळून बघू. मासा सुसाट पळतो तो पांढऱ्या स्नायूंच्या जोरावर. हे स्नायू ऑक्सिजनची वाट न पाहता साठवलेलं ग्लायकोजेन जाळतात. साठा काही मिनिटांत उतरतो, स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं, रक्ताची आम्लता वाढते. दोर पुरेसा मजबूत असेल तर गरवणारा रॉड आडवा, पाण्यालगत धरून माशाचं डोकं वळवतो आणि मासा दमण्याआधीच जाळीत येतो. दोर ७ एक्सचा, म्हणजे जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असेल, तर एवढा जोर लावायची सोय नसते. मासा जाळीजवळ येतो, पुन्हा पळतो, पुन्हा येतो. शेवटी तो कुशीवर कलंडतो आणि गरवणाऱ्याला वाटतं, आता आला. वास्तविक त्या घटकेला माशाच्या अंगातलं सगळं त्राण संपलेलं असतं. त्यानंतर फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर उचललं, की कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि ज्या क्षणी श्वासाची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी श्वास तुटतो.

प्रयोगशाळांनी याला आकडे दिले. वुड, टर्नर आणि ग्रॅहम यांनी १९८३ मध्ये रेनबो ट्राउटना सहा मिनिटं जोरात पळवलं. त्यांतले ४० टक्के मासे नंतर मेले, तेही लगेच नाही, काही तासांनी. १९९२ मध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी ट्राउटना थकेपर्यंत पळवलं तेव्हा १२ टक्के दगावले. थकल्यावर ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, तर ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के मेले. नदीवरची स्थिती इतकी वाईट बहुधा नसते, हे यलोस्टोननं दाखवलंच आहे. पण दिशा स्पष्ट आहे. बहामातल्या बोनफिशवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोडताना ज्यांचा तोल गेला होता, ते मासे शिकारी माशांच्या तोंडी पडण्याची शक्यता सहापटींहून अधिक आढळली. म्हणजे मासा आपल्या डोळ्यांदेखत पोहत गेला, एवढ्यावर तो जगला असं समजता येत नाही.

मग हलका रॉड वापरणं पापच का? मला तसं वाटत नाही. ॲपलेशियन डोंगरांतल्या ओढ्यात सहा-सात इंची ब्रूक ट्राउट एक नंबरच्या रॉडवर काही क्षणांत हाती येतो, त्याचं काहीही बिघडत नाही. माशाला आवरण्याची मर्यादा बहुतेक वेळा टिपेट ठरवतो, रॉड नव्हे. संथ, आरशासारख्या पाण्यात चिलटाएवढ्या माशीसाठी बारीक टिपेटला पर्यायही नसतो. गरवणाऱ्याचा हातही महत्त्वाचा असतो. टारपनवाले स्टू ऑप्टे यांनी रॉड खाली, उलट दिशेला ओढून माशाला झटपट जेरीस आणण्याची पद्धत शिकवली. ती जमणारा माणूस मध्यम दोरावरही मासा लवकर आणतो, आणि धास्तावलेला नवखा जाड दोरावरही अर्धा तास लावतो. दोष बारीक दोर मिरवण्याच्या हौसेत आहे. मासा अपेक्षेपेक्षा मोठा लागला आणि मिनिटं सरू लागली, तर ताण वाढवून दोर तुटू देण्याची तयारी हवी. गळाला उलटा काटा नसेल तर तो बहुधा लवकर सुटतो.

नियमही हळूहळू त्याच वाटेनं आले. आयजीएफएनं २०११ मध्ये लांबी मोजून मासा जिवंत सोडण्याचे विक्रम सुरू केले. फ्लोरिडानं २०१३ मध्ये टारपन सोडून देणं सक्तीचं केलं आणि मासा ठेवण्याचा परवाना फक्त विक्रमाच्या प्रयत्नापुरता उरला. माँटानात पाणी सलग तीन दिवस २३ अंश सेल्सियसच्या घरात गेलं, की दुपारी दोन ते मध्यरात्र गरवणं बंद ठेवण्याची रीत पडली. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी आणि माशाची गरज जास्त, हे त्यामागचं कारण.

आपल्याकडे कावेरीवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून महसीर धरून सोडण्याची परंपरा वाढली. तिथं आमिष बहुधा नाचणीच्या पिठाच्या गोळ्याचं आणि तंगूस भक्कम, कारण तळाचे खडक बारीक दोराला टिकू देत नाहीत. त्या दोराला कुणी कमीपणा मानला नाही. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात टाटांनी ज्या महसीर कुळातल्या माशांची पैदास करून पिल्लं नद्यांत सोडली, त्या माशांचा मान आपण याच हिशेबानं राखायला हवा.

कॉटनच्या काळी बारीक दोराची किंमत गरवणारा मोजत होता, म्हणून ते औदार्य होतं. मासा सोडायचाच असेल तर तीच किंमत मासा मोजतो, म्हणून आता मान वेगळ्या गोष्टीचा हवा. किती बारीक दोरावर काढला, याऐवजी किती लवकर आणि कोणत्या अवस्थेत सोडला, हे विचारावं. माशाच्या आकाराला पेलेल इतका दोर घ्या, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा, आणि ट्राउटच्या नदीचं पाणी २० अंशांवर गेलं की त्या दिवसापुरता गाशा गुंडाळा.