शब्दांचा शेजार – लेखांक ९ : दिवा उघडा

शांघायला आम्ही राहायचो त्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकामाचं एक छोटं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना ‘आयी’ म्हणायचे. आयी म्हणजे मावशी. आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला ही हाक चालते. परदेशी गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून त्यांना इंग्रजी शिकायचं होतं. रात्री आठला शटर अर्धं खाली ओढलं की आमचा वर्ग भरायचा. पहिल्याच दिवशी मी खुर्चीवर टेकले, तशी त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या, ‘‘लाओशी, प्लीज ओपन द लाइट.’’

लाओशी म्हणजे शिक्षक. आपल्या शाळेत ‘बाई’ म्हणतात ना, तीच आपुलकी त्यात असते.

मागच्या आठवड्यात आपण चिनी माणसाच्या तोंडी इंग्रजी उच्चार कसे बसतात ते पाहिलं. आज अर्थांकडे वळू. चिनी विद्यार्थी लांबलचक, अवघड इंग्रजी शब्दांवर फारसा अडत नाही. ते तो पाठ करतो आणि बरोबर वापरतो. तो अडतो ओपन, सी, टेक, बॉरो अशा पहिल्या इयत्तेतल्या शब्दांवर. हे शब्द आपल्याला येतात अशी त्याची खात्री असते आणि म्हणून तो त्यांच्याकडे पुन्हा वळून बघतच नाही.

आयींची वही मला अजून जशीच्या तशी आठवते. पानावर तीन रकाने. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा चिनी अर्थ, एका शब्दाला एकच. मधल्या रकान्यात इंग्रजी शब्दाचा उच्चार, तोही चिनी अक्षरांत. ‘थँक यू’समोर लिहिलं होतं सान-ख-यौ. या तीन अक्षरांचा अर्थ घ्यायचा तर तो होतो ‘तीन ग्रॅम तेल’. ही युक्ती आयींची एकटीची नव्हे. चीनमध्ये कित्येक शाळकरी मुलांच्या वहीत हे तीन ग्रॅम तेल सापडेल, आणि ही रीत फार जुनी आहे. कँटन बंदरात परदेशी व्यापार चालायचा त्या काळात तिथले दुकानदार आणि दलाल अशाच छोट्या पुस्तिका जवळ बाळगायचे: चिनी शब्द, आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्द कँटनी उच्चाराच्या चिनी अक्षरांत. इंग्रजी लिपी येण्याची गरजच नव्हती. त्यातून जी तोडकी-मोडकी बोली तयार झाली ती पिजिन; आणि हा शब्द ‘बिझनेस’च्याच चिनी उच्चारातून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात.

त्या बंदराशी आपल्या मुंबईचं जवळचं नातं होतं. मुंबईचा कापूस आणि माळव्याची अफू तिकडे जायची, तिकडून चहा आणि रेशीम यायचं. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी कँटनच्या फेऱ्या केल्या होत्या. मालाबरोबर शब्दही गेले. हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये आजही कागदपत्रावर ‘कंपनी चॉप’ मागतात. चॉप म्हणजे शिक्का, आणि हा चॉप म्हणजे आपला ‘छाप’. कँटनच्या चिनी दलालाला तो इंग्रजी शब्द वाटला, इंग्रजाला तो चिनी वाटला. निघाला होता तो हिंदुस्थानातून. आता तिथला नवशिका इंग्रजी कोशात ‘चॉप’ काढतो तेव्हा त्याला आधी कुऱ्हाडीचा घाव दिसतो, मग हाडासकट मांसाचा तुकडा. शिक्का फार खाली, कुठल्या तरी कोपऱ्यात.

१८६२ साली थांग थिंगशू या कँटनी माणसाने सहा भागांचं इंग्रजीचं मोठं पुस्तक आपल्या व्यापारी बांधवांसाठी छापलं. हाँगकाँगच्या मिशनरी शाळेत शिकलेला हा माणूस पुढे चीनमधला नामांकित उद्योजक झाला. सुट्या शब्दांबरोबर त्याने खरेदी-विक्रीची आख्खी वाक्यं आणि संभाषणं दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज चिनी पाठ्यपुस्तकाच्या शेवटी शब्दांच्या याद्या असतात: एक इंग्रजी शब्द, समोर एक-दोन चिनी अर्थ. परीक्षेला सोय होते, पण ‘ओपन द लाइट’ नेमकं तिथूनच जन्माला येतं. माझं हे मत इतक्या वर्षांत बदललेलं नाही.

आता त्या दिव्याकडे येऊ. ‘ओपन’समोर वहीत चिनी अक्षर असतं ‘खाइ’. पण या खाइचा संसार ओपनच्या कितीतरी पट मोठा. दार खाइ म्हणजे उघडणं. दिवा खाइ म्हणजे लावणं. गाडी खाइ म्हणजे चालवणं. सभा खाइ म्हणजे भरवणं. फूल खाइ म्हणजे उमलणं, आणि पाण्याला खाइ लागलं की त्याला उकळी आली. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाचं क्रियापद वेगळं आहे. चिनी माणसाच्या मनात मात्र या सगळ्यांत एकच हालचाल आहे: मिटलेलं, थांबलेलं काहीतरी खुलं होतं, सुरू होतं. हे त्याला इतकं उघड दिसतं, की इंग्रजीत दिव्याला ‘टर्न ऑन’ का करायचं हे त्याला कळत नाही.

मराठी माणसाला यात मोठा रस वाटावा, कारण आपलं ‘लावणे’ घ्या. दिवा लाव म्हटलं की प्रकाश पडतो. दार लाव म्हटलं की दार बंद होतं. चिनी माणूस दिवा आणि दार दोन्ही उघडतो. आपण दोन्ही लावतो, पण एक सुरू होतं आणि दुसरं मिटतं. रोप लावतो, तेल लावतो, गाडी सावलीला लावतो, मुलांना शिस्त लावतो. या लावण्यासाठी मराठी मुलाला इंग्रजीचा एकच शब्द देऊन पाहा, त्याची आयींसारखीच अवस्था होईल.

आपल्या ‘मारणे’ची जोडीदारीणही चिनीत आहे. ‘ता’ म्हणजे मारणे, पण फोन ता, चेंडू ता, टंकलेखन ता, टॅक्सी ता, आणि स्वेटर विणणंसुद्धा ता. आपण गप्पा मारतो, झाडू मारतो, रंग मारतो, चक्कर मारतो, शिट्टी मारतो, तसंच. अकराव्या शतकातल्या औयांग श्यू या नामवंत लेखकानेही तक्रार करून ठेवली आहे, की लोक या ‘ता’ला वाटेल तिथे वापरतात. हजार वर्षं झाली, ता काही आवरला नाही. म्हणून इंग्रजी शिकताना ‘हिट’ हा शब्द चिनी मुलाला ताच्या जागी ठेवता येत नाही. त्याला प्ले, टाइप, कॉल, निट असे सगळे वेगवेगळे, आपापल्या सोबत्यासह शिकावे लागतात.

खरी गुंतागुंत मात्र ‘खान’ या शब्दात आहे. खान म्हणजे पाहणे. चिनी माणूस पुस्तक खान करतो, टीव्ही खान करतो, डॉक्टरला खान करतो, आकाशाकडे खान करतो. इंग्रजीत अनुक्रमे रीड, वॉच, सी, लुक. एवढ्यावर भागत नाही. इंग्रजीत ‘लुक’ आणि ‘सी’ यांत जो फरक आहे तो चिनीत आहेच, पण तो वेगळ्या जागी आहे. चिनी माणूस खानला एक शेपूट जोडतो: खान-च्येन. खान ही केवळ धडपड. खान-च्येन म्हणजे ती फळाला आली. ‘पाहिलं, पण दिसलं नाही’ असं आपण सहज म्हणतो. चिनी माणूस म्हणतो, खान केलं, पण खान-च्येन झालं नाही. थिंग म्हणजे ऐकणे, थिंग-च्येन म्हणजे ऐकू येणे. चाओ म्हणजे शोधणे, चाओ-ताओ म्हणजे सापडणे. मराठीत यांना वेगळी क्रियापदं आहेत, चिनीत मुळाला शेपूट आहे, इंग्रजीत पुन्हा वेगळे शब्द: लिसन आणि हिअर, लुक फॉर आणि फाइंड. चाओचा अर्थ वहीत ‘फाइंड’ लिहिलेला असला की वाक्य होतं, ‘आय फाइंड माय की टू अवर्स.’ दोन तास किल्ली शोधली, एवढंच त्याला म्हणायचं असतं. तुम्ही चिनी विद्यार्थ्याला शिकवत असाल तर त्याला व्याकरणाचं नाव सांगू नका. शेपूट आहे की नाही, एवढं विचारा. शेपूट असेल तर सी, हिअर, फाइंड. नसेल तर बहुतेक वेळा लुक, लिसन, लुक फॉर. आयींना हे एका रात्रीत कळलं.

‘च्ये’चंही असंच. च्ये म्हणजे उसनं, घेतलेलंही आणि दिलेलंही. म्हणून ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन?’ आपण उसनं घेतो आणि उसनं देतो; शब्द एकच ठेवून देण्या-घेण्यावर काम सोपवतो. मराठी विद्यार्थीही लेंड आणि बॉरोमध्ये घोटाळा करतात तो यामुळेच. तसंच ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ घालण्याची सवय. चिनीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यायलाच हवा, अगदी आपल्यासारखा. इंग्रजी दोघांतला एकच मागते. आणि बोलताना ‘ही’च्या जागी ‘शी’ येतं, कारण चिनीत तो आणि ती दोघेही ‘था’. लिहिताना अक्षर वेगळं असतं. ‘ती’साठीचं अक्षर १९२०च्या सुमारास ल्यू पान्नोंग या कवीने रुजवलं. कानाला मात्र फरक कळत नाही.

आयींच्या दुकानातला एक प्रसंग सांगते. एक परदेशी तरुणी पोशाख घेऊन आली. आरशासमोर उभी राहून, कमरेपाशी कापड चिमटीत धरून म्हणाली, ‘‘कॅन यू टेक इट इन अ लिटल?’’ आयींच्या वहीत टेक म्हणजे ‘घेणे’ आणि इन म्हणजे ‘आत’. त्यांनी हसून मान डोलावली आणि तिने पोशाख बदलून हातात दिल्याबरोबर तो अलगद आतल्या खोलीत नेऊन हँगरला अडकवला. शब्दाशब्दाने त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ती मुलगी गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मी पोशाख परत आणला, कमरेची शिवण दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली आणि अर्धा इंच आत ढकलून दाखवली. आयींचा चेहरा उजळला. ‘‘शौ!’’ त्या म्हणाल्या. शौ म्हणजे गोळा करणे, आवरून घेणे. शेतातलं पीक घरात येतं तेही शौ. चिनी शिंपी कंबर शौ करतो, आणि कापडात माया ठेवलेली असेल तर सैल करताना ती फांग करतो, म्हणजे सोडतो. इंग्रजीत टेक इन आणि लेट आउट. आपला शिंपीही ‘कमरेत आत घेतो’च की.

त्या रात्री वहीचे रकाने मोडले. आयींनी एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तीन झगे काढले. पहिल्याच्या कमरेला दोन बाण, आत येणारे. दुसऱ्याला दोन बाण, बाहेर जाणारे. तिसऱ्याच्या घेराखाली एक बाण, वर जाणारा. प्रत्येकाखाली माझ्याकडून इंग्रजी लिहून घेतलं: टेक इन, लेट आउट, टेक अप. चिनी अर्थ लिहायला जागा सोडली होती, ती त्यांनी शेवटपर्यंत कोरीच ठेवली. पुठ्ठा आरशाशेजारी टांगला आणि म्हणाल्या, ‘‘लाओशी, टर्न ऑफ द लाइट.’’

पुढच्या लेखांकात पैशांचे आकडे: चिनी माणूस दहा-दहा हजारांच्या गठ्ठ्यांत मोजतो, आपण लाखांत, आणि इंग्रजीचा मिलियन दोघांनाही कसा अडतो.