जखीण आणि जाखमाता

कोकणात, म्हणजे बदलापूर-शिरगावच्या ठाणे जिल्ह्यातही, बाईचं भूत तिच्या मरणावरून ओळखतात. बाळंतपणात गेली ती हडळ, विधवा मेली ती लावसट, सवाष्ण मेली ती जखीण. जॅक्सन यांनी जमवलेल्या आणि एन्थोव्हेन यांनी १९१५ साली छापलेल्या कोकणच्या टिपणांत अशी भुतं पानोपानी भेटतात.

पण जखीण म्हणजे मूळची यक्षिणी: पाण्याची, झाडांची, पुरलेल्या धनाची राखणदार. तिचीच जाखमाता झाली. तिची ओटी भरतात, ती गाव राखते. डोहाकाठच्या साती आसरा (मूळ शब्द अप्सरा) तर झपाटतातही आणि राखतातही. भूत की देवता, हे मला वाटतं, मेलेलीपेक्षा मागे राहिलेल्यांवर ठरत असावं. दुसरेपणाची बायको मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालत असे, तिने छळू नये म्हणून. आणि त्याच टाकाची पूजाही करी.