कॅमेऱ्याची बॉडी बदलायची की आधी लेन्स घ्यायची? निकाहचे फोटो काढणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

नांदेड-लातूरकडच्या अनेक मुस्लिम घरांत सध्या एक वाद ऐकू येतो. मुलगा दोन-तीन वर्षांपासून निकाह, वलिमा, साखरपुडा यांच्या ऑर्डर घेतोय. तो म्हणतो, "अब्बा, हा कॅमेरा आता पुरत नाही, मोठी बॉडी घ्यावी लागेल." अब्बा म्हणतात, "अरे, आत्ता तर घेतला होता!" दोघांचंही काही अंशी बरोबर असतं. अडचण एवढीच की कॅमेऱ्यात नेमकं काय कमी पडतंय, हे दोघांनीही कागदावर मांडलेलं नसतं.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुलं या धंद्यात आहेत. त्यांचे प्रश्न ऐकून आम्हाला वाटलं की हा विषय नीट समजावून सांगायला हवा. कारण यात घरातले पैसे जातात आणि अनेकदा हप्तेही डोक्यावर बसतात.

बॉडी आणि लेन्स : कोणाचं काम काय?

पहिला कॅमेरा बहुधा कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० यांच्यापैकी एखादा असतो. हे दोन्ही २०१८ साली बाजारात आले. दोन्हींत २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, म्हणजे अल्बमच्या मोठ्या पानालाही फोटो पुरून उरतो. त्यामुळे "मेगापिक्सेल कमी पडतात" हे कारण आधी बाजूला ठेवा.

बॉडी म्हणजे सेन्सर, फोकसची यंत्रणा, शटर आणि बटणं. लेन्स म्हणजे खिडकी. खोलीत उजेड किती येणार, हे खिडकीच्या मापावर ठरतं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफच्या पुढचा आकडा जितका मोठा, तितकी खिडकी लहान. मुलं नेमकी इथंच गोंधळतात. हा आकडा भागाकारातला आहे, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

उजेडाचा हिशेब

निकाहचे बरेच कार्यक्रम संध्याकाळी, फंक्शन हॉलमध्ये नाहीतर घरासमोरच्या मांडवात होतात. स्टेजवर झगमगाट असतो, पण जेवणाच्या रांगेत आणि पाहुण्यांच्या बाजूला अंधूक असतं. फोटो काळे येतात किंवा दाणेदार येतात, अशी तक्रार इथूनच सुरू होते.

आता गणित करू. ५० एमएमची एफ १.८ वाली लेन्स पूर्ण उघडली तर एफ ५.६ च्या मानाने नऊ ते दहा पट उजेड आत येतो. म्हणजे जिथं आयएसओ ६४०० वर न्यावा लागत होता, तिथं तोच फोटो ६४० ते ८०० वर निघतो. १५००डीचा नेहमीच्या वापरातला आयएसओ ६४०० पर्यंतच आहे, म्हणून हा फरक फार मोठा आहे.

दुसरीकडे, फुल-फ्रेम बॉडीचा सेन्सर ३६ बाय २४ मिलीमीटरचा असतो. आपल्या छोट्या बॉडीच्या सेन्सरपेक्षा त्याचं क्षेत्रफळ साधारण अडीच पट. फायदा नक्की आहे, पण अडीच पट कुठं आणि नऊ पट कुठं! शिवाय ही लेन्स दहाएक हजारांत येते, तर फुल-फ्रेम बॉडी लाखाच्या आसपास किंवा त्याच्या पुढे जाते. अंधार हीच तक्रार असेल तर आधी लेन्स घ्यावी, असं आम्ही म्हणतो ते या हिशेबावर.

लेन्स घेताना तीन गोष्टी पाहा :

• छोट्या सेन्सरवर ५० एमएमची लेन्स साधारण ७५-८० एमएमसारखी जवळचं दाखवते. दुल्हनच्या चेहऱ्यासाठी छान, पण घरातल्या लहान खोलीत मागे सरकायला जागा राहत नाही. खोलीत काम जास्त असेल तर निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ १.८, कॅनन डीएसएलआरवाल्यांनी २४ एमएम एफ २.८ ही लेन्स पाहावी.

• निकॉन डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी, स्वस्तात मिळणारी 'डी' प्रकारची लेन्स त्यावर बसते, पण ऑटोफोकस करत नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं आहे का, ते पाहूनच पैसे द्या.

• एफ १.८ वर ग्रुप फोटो काढू नका. पुढची रांग स्पष्ट येईल आणि मागचे मामू-खालू धूसर होतील. ग्रुपसाठी एफ ५.६ किंवा ८ ठेवा आणि फ्लॅश वापरा.

फ्लॅशचंही एक सांगायला हवं. कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या बॉडींच्या वरच्या खाचेत मधली पिनच नाही. त्यामुळे एकाच पिनवर चालणारा साधा, स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाही. दुकानात आपली बॉडी घेऊन जा, फ्लॅश लावून दोन-चार फोटो काढा, मगच घ्या. फ्लॅश चेहऱ्यावर थेट मारण्यापेक्षा पांढऱ्या छताकडे वळवा. मात्र लाल-पिवळ्या कापडाचा मांडव असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो, हे विसरू नका.

मग बॉडी खरोखर कधी अडवते?

अडवते, आणि तेव्हा ती बदलायलाच हवी. आमच्या मते कारणं चार आहेत.

पहिलं, कार्ड. या छोट्या बॉडीत एकच मेमरी कार्ड बसतं. कार्ड बिघडलं तर कोणाचा तरी निकाह कायमचा गेला; तो पुन्हा होणार नाही. दुसऱ्याच्या घरचे फोटो ही आपल्याकडची अमानत आहे. वरच्या दर्जाच्या बॉडीत दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरतो. मोठ्या ऑर्डर एकट्यानं घेणाऱ्यासाठी हे एकच कारणही पुरेसं आहे. नवी बॉडी घेताना हे विचारून घ्या, कारण नव्या पण स्वस्त बॉडीतही अनेकदा एकच कार्ड असतं. कॅननचे आर५० आणि आर१० ही त्याचीच उदाहरणं.

दुसरं, फोकस. १५००डीमध्ये फोकसचे ९ बिंदू आहेत, डी३५०० मध्ये ११, आणि तेही चौकटीच्या मधल्या भागात. नौशा घोड्यावरून येतोय, सेहऱ्याच्या लड्या हलतायत, अशा वेळी ते चुकतात. आर१० (२०२२) आणि आर५० (२०२३) यांसारखे मिररलेस कॅमेरे डोळा ओळखून त्याच्या मागे मागे जातात. इथं फरक खरंच जाणवतो.

तिसरं, आवाज. व्हिडिओची ऑर्डर घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्या : १५००डी आणि डी३५०० या दोन्हींत बाहेरचा माईक जोडायची सोय नाही. काझी साहेबांचा खुतबा आणि ईजाब-कबूल कॅमेऱ्याच्या आतल्या माईकवर, पंख्याच्या घरघरीसकट येतं. या बॉडींत फोर-के व्हिडिओही नाही. तूर्तास मोबाइलला छोटा कॉलर माईक लावून तो काझी साहेबांजवळ ठेवता येतो आणि आवाज नंतर जुळवता येतो. पण प्रत्येक ऑर्डरला व्हिडिओ असेल तर बॉडी बदलणं योग्य.

चौथं, खटका. खुतबा चालू असताना आरशाचा खट-खट आवाज मजलिसीला खटकतो. मिररलेसमध्ये आवाजाशिवाय फोटो निघतो. मात्र काही एलईडी दिव्यांखाली अशा फोटोत आडवे पट्टे येतात, म्हणून हॉलमध्ये आधी तपासून घ्यावं.

स्वतःचे पेपर स्वतः तपासा

आपली अडचण या चारांत बसते की नाही, हे कसं ओळखायचं? आम्ही शिक्षक, म्हणून पेपर तपासायचीच पद्धत सांगतो. मागच्या पाच ऑर्डरमधले टाकून दिलेले फोटो काढा आणि चार ढीग करा : काळे किंवा दाणेदार, हललेले, फोकस चुकलेले, आणि क्षणच हुकलेले. प्रत्येक फोटोच्या माहितीत आयएसओ आणि शटरचा वेग लिहिलेला असतो, तोही पाहा.

पहिला ढीग मोठा असेल तर लेन्स आणि फ्लॅश. दुसरा मोठा असेल तर शटरचा वेग तपासा. १/३० वर चालता माणूस हलणारच, त्याला बॉडी काय करणार? तिसरा ढीग मोठा असेल तर आधी फक्त मधला बिंदू निवडून महिनाभर सराव करा. तरीही ढीग तेवढाच राहिला तर बॉडीचं कारण खरं आहे. चौथा ढीग मोठा असेल तर त्यावर दुकानात औषध नाही. रस्म कोणती, कधी, कोणाच्या हातून होणार, हे आधी घरच्यांकडून विचारून घ्यायला हवं.

सरावासाठी लांब जायची गरज नाही. लातूरची गंजगोलाई घ्या. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. मगरिबनंतर दुकानांचे दिवे, मधली सावली, चालती माणसं, सगळं एकाच जागी मिळतं. माणसांचे फोटो त्यांना विचारूनच काढा. कोणाकडून तरी एक दिवसासाठी ५० एमएम भाड्यानं आणा आणि एकाच जागेचे फोटो दोन्ही लेन्सनी काढून शेजारी ठेवा. नांदेडकरांना गोदावरीचा घाट किंवा कंधारचा किल्ला आहेच.

एक मोठी बॉडी की दोन छोट्या?

आपल्या समाजातल्या कामाचं एक वेगळेपण आहे. बऱ्याच घरांत जनानखान्याकडच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. ही अडचण आजची नाही. नांदेड-लातूरचा भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ होते. निजामांनी त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला होता. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचं काम एका इंग्रज बाईच्या हाती दिलं. म्हणजे ज्या कामाला बाईच हवी, तिथं त्यांनी बाई नेमली.

आज हे काम घरातली बहीण किंवा बायको शिकू शकते. म्हणून बॉडी घेताना हाही पर्याय मांडा : एक महागडी बॉडी घेण्याऐवजी जुनी बॉडी तशीच ठेवून तिच्यासारखीच दुसरी, वापरलेली बॉडी घ्यायची. लेन्स, बॅटरी, चार्जर एकमेकांना चालतात. एक बॉडी ऐन वेळी बंद पडली तर दुसरी हाताशी असते. आणि जनान्याकडचे फोटो घरातल्याच मुलीनं काढले, तर जी ऑर्डर आज दुसरीकडे जाते ती आपल्याकडे येते. मुलीच्या हाताला हुनर मिळतो, हे वेगळंच. तिच्या मेहनतीचे पैसे मात्र तिच्या हाती द्या.

वापरलेली बॉडी घेताना मूळ बिल मागा, शटर किती वेळा पडलं ते पाहा, आणि लेन्सला उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे नाहीत ना ते तपासा.

पैशांचा हिशेब

बॉडीची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नाही. कॅननची ईएफ-एस लेन्स डीएसएलआर फुल-फ्रेमवर बसत नाही. कॅनन किंवा निकॉनच्या मिररलेसवर गेलात तर जुन्या लेन्ससाठी अ‍ॅडॅप्टर लागतो. १५००डीची बॅटरी आर५० ला चालत नाही. फोर-के घेतलं तर कार्डं मोठी लागतात आणि जुना लॅपटॉप अडखळतो. हे सगळं बेरजेत धरा.

आता ही बेरीज कमाईशी जोडा. समजा सगळा मिळून खर्च ६०,००० रुपये आणि एका ऑर्डरमागे सगळं वजा जाता ४,००० उरतात. म्हणजे पैसे परत यायला १५ ऑर्डर. आपल्याकडे रमजानमध्ये, आणि बऱ्याच घरांत मोहरममध्येही निकाह होत नाहीत. हप्ता मात्र त्या महिन्यांतही जातो. १५ ऑर्डर एका सीझनमध्ये हातात दिसत असतील, तरच पुढे जा.

हप्त्यांबद्दल आणखी एक. व्याज टाळणारी कुटुंबं 'नो कॉस्ट ईएमआय' असं लिहिलेलं पाहून निश्चिंत होतात. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी किमतीत देते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी ग्राहकाकडून जाऊ शकते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सांगितलं आहे. ज्यांना व्याजापासून दूर राहायचं आहे त्यांनी रोख किंमत विचारावी, कागद वाचावा आणि शंका असेल तर जाणकार आलिमांना तो कागद दाखवूनच सही करावी. दर ऑर्डरमागे ठरावीक रक्कम वेगळ्या डब्यात टाकणं हा जुना उपाय आजही चालतो.

घरच्यांना आमची विनंती एवढीच : मुलानं बॉडी मागितली तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. त्याला चार ढीग करून आणायला सांगा, सोबत मागच्या सीझनचा जमाखर्च मागा. ज्याच्याकडे या दोन गोष्टी तयार असतील, त्याला बहुतेक वेळा उत्तरही तिथंच सापडलेलं असेल. आणि ते उत्तर 'बॉडी' असं आलं, तर ती त्याला आनंदानं घेऊ द्या.