यंत्राला घसारा, कामगाराला काय?

कोणत्याही कारखान्याचा ताळेबंद उघडला, तर त्यात ‘घसारा’ ही बाब हमखास आढळते. यंत्र झिजते म्हणून त्या झिजेपोटी दरवर्षी उत्पन्नातून रक्कम वजा करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. त्याच यंत्रापुढे वर्षानुवर्षे उभा राहणारा कामगारही झिजतो. त्याच्या झिजेचा खर्च मात्र त्याच्या कुटुंबाच्या माथी येतो. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचे लाभ-तोटे मोजताना हा प्रश्न टाळता येणार नाही.

वार्धक्यातील जुनाट विकारांचे संशोधन याच दिशेने बोट दाखविते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. साठीपुढील सुमारे ७५ टक्के लोकांना कोणता ना कोणता जुनाट विकार आहे, असे तीत दिसून आले. या पाहणीत मुठीची पकड, चालण्याचा वेग व श्वसनक्षमताही मोजली गेली; कारण परावलंबनाची पहिली चाहूल तेथेच लागते. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या १९८५ पासून चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष तर अधिकच बोलका आहे. सत्तरीतील वरिष्ठ अधिकाऱ्याची शारीरिक स्थिती, त्याच्यापेक्षा सुमारे आठ वर्षांनी लहान असलेल्या कनिष्ठ नोकराइतकी होती. मध्यम वयात हेच अंतर साडेचार वर्षांचे होते. म्हणजे निवृत्तीनंतर विषमता मिटत नाही, उलट वाढते.

टेबलाशी बसून काम करणाऱ्यांची ही कथा, तर भट्टीशी राबणाऱ्यांचे काय? फौंड्रीत साच्याची वाळू हाताळताना व ओतीव भाग साफ करताना सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात जाते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि काम सुटल्यावरही वाढत राहू शकतो. सूतगिरणीतील कापसाची धूळ श्वसनाला व यंत्रांचा अखंड आवाज श्रवणशक्तीला बाधक ठरतो. जो दुबळा होतो तो काम सोडून गावी परततो. तपासणीला उरतात ते धडधाकट. साहजिकच कारखान्याच्या आतील आकडे नेहमी वास्तवापेक्षा दिलासादायक असतात.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत चाळिशीपुढील कामगारांसाठी वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षणही मिळाले. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी दररोज लागते. शिवाय अठ्ठावन्न ते सत्तर ही बारा वर्षे मोकळीच राहतात. २०१४ मध्ये ठरविलेल्या दरमहा एक हजार रुपये किमान निवृत्तिवेतनात हा भार कसा पेलावा?

लहान कारखानदाराला हा बोजा झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि, तपासणीच्या नोंदीची प्रत कामगाराच्या हाती देण्यास फारसा खर्च येत नाही. ठेकेदार बदलला तरी ती त्याच्याबरोबर राहील. कोल्हापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व शिवाजी विद्यापीठ यांनी निवृत्त कामगारांचा त्यांच्या गावी जाऊन दीर्घकालीन अभ्यास हाती घ्यावा आणि उद्योजकांच्या संघटनांनी त्याला साहाय्य करावे. झीज मोजलीच नाही, तर तिची भरपाई कोणी करावयाची हा प्रश्न उपस्थितच होत नाही. आजवर नेमके तेच घडत आले आहे.