उत्साह ओसरल्यावर अंक कोण काढणार? 'मूकनायक' ते 'जनता' या प्रवासातून सातत्याचे काही धडे

भीमजयंती जवळ आली की वस्त्यावस्त्यांमध्ये लिहिण्याला उधाण येते. कुठे अभ्यासिकेतील मुले भित्तिपत्रक सुरू करतात, कुठे तरुण मंडळ मासिक काढायचे ठरवते, कुठे चार मित्र मिळून दर आठवड्याला आपल्या तालुक्याच्या एका प्रश्नावर लेख लिहिण्याचा निश्चय करतात. पहिला अंक थाटात निघतो. प्रकाशनाला पाहुणे येतात, फोटो निघतात. दुसरा अंक उशिरा येतो. तिसऱ्या वेळी मजकूर कमी पडतो म्हणून जोडअंक निघतो. पावसाळा संपेपर्यंत अंकाचे नावही कोणी काढत नाही.

वस्तीपातळीवर काम करताना आम्ही हे चित्र वारंवार पाहतो. 'आजच्या पोरांना चिकाटीच नाही' असे म्हणून ज्येष्ठ मंडळी मोकळी होतात. आम्हाला हे मान्य नाही. हीच मुले दिवसा गोडाऊनमध्ये किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर राबतात आणि रात्री अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडतात. चिकाटी त्यांच्याकडे भरपूर आहे. अडचण अशी की लेखनाच्या कामाचा सगळा भार आपण उत्साहावर टाकतो. उत्साह काम सुरू करून देतो, पण ते चालते व्यवस्थेवर. ठरलेला हेतू, ठरलेला दिवस, वाटून घेतलेली कामे, पैशांचा हिशेब आणि तयार होत राहणारे नवे हात या गोष्टी नसतील, तर कितीही तळमळीने सुरू केलेले काम थांबते.

ते थांबल्याने आपले काय जाते? वस्तीत पाणी किती दिवस आले नाही, शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यापासून रखडली, मिरवणुकीचा रस्ता कोणी आणि कधी अडवला, याची नोंद मोठ्या वृत्तपत्रांत दोन ओळींची असते, किंवा नसतेच. आपल्या पत्रकाची फाईल असेल तर पुढच्या वर्षी निवेदन देताना तारीख-वार हाताशी असतो. फाईल नसेल तर आपल्याकडे उरतात त्या फक्त आठवणी. कार्यालयातला बाबू आठवणी मानत नाही.

पाच पत्रे, छत्तीस वर्षे

बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची नावे आणि तारखा आपल्याला पाठ असतात. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी, 'समता' २९ जून १९२८ रोजी आणि 'जनता' २४ नोव्हेंबर १९३० रोजी. पुढे ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चेच नामांतर 'प्रबुद्ध भारत' असे झाले. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत एवढे पुरते. कार्यकर्त्याने मात्र पुढचा प्रश्न विचारायला हवा. यांतली काही पत्रे दोन-तीन वर्षांतच का थांबली, आणि एक पाव शतक कसे चालले?

'मूकनायक'ची सुरुवात पाहा. त्या वेळी बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव देता येत नव्हते, म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'ने या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला. म्हणजे हेतू पक्का होता, सुरुवातीचे भांडवल होते आणि लेखणी तर बाबासाहेबांची होती. पण जुलै १९२० मध्ये ते अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. मागे राहिलेल्यांना पत्राचा गाडा ओढणे जड गेले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले.

आता 'जनता' पाहा. या पत्राचा पहिला अंक निघाला तेव्हा बाबासाहेब मुंबईत नव्हतेच. ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. 'मूकनायक' ते लंडनला गेल्यानंतर अडखळले आणि 'जनता' मात्र ते लंडनमध्ये असतानाच जन्मले! दहा वर्षांत काय बदलले होते?

बदलले होते ते मागचे मनुष्यबळ. देवराव नाईक यांनी आधी 'समता'चे संपादन केले होते, त्यामुळे अंक वेळेवर काढण्याचा सराव झाला होता. भारत भूषण छापखाना उभा राहिला होता, त्यामुळे छपाईसाठी दरवेळी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. महाडच्या सत्याग्रहातून वाचणारा, चर्चा करणारा आणि अंक गावी पोचवणारा कार्यकर्ता तयार झाला होता. पुढच्या काळात भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, बी. सी. कांबळे, यशवंतराव आंबेडकर अशा अनेकांनी 'जनता'ची धुरा वाहिली. संपादक बदलत गेले, पत्र चालत राहिले. पाक्षिक म्हणून निघालेले हे पत्र पुढे साप्ताहिक झाले.

समाजशास्त्रात मॅक्स वेबरने ही प्रक्रिया सांगितली आहे. एखाद्या व्यक्तीच्या करिश्म्यावर उभे राहिलेले काम टिकवायचे असेल तर ते हळूहळू नियम, पदे आणि रोजच्या कामाच्या रीतींमध्ये उतरावे लागते. तसे झाले नाही तर ती व्यक्ती दूर गेली की काम विस्कटते. बाबासाहेबांनी १९२० ते १९३० या दहा वर्षांत नेमके हेच घडवले. आपल्या वस्तीतल्या अंकालाही हाच नियम लागू आहे. जो एक मुलगा सगळे लिहितो, टाइप करतो, छापून आणतो आणि वाटतो, त्याला पुण्यात नोकरी लागली की अंक संपतो.

एकट्याच्या खांद्यावरचा भार

'बहिष्कृत भारत'चा अनुभव याहून बोलका आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांत हे पाक्षिक सुरू झाले. सत्याग्रहावर टीकेचा भडिमार चालू होता आणि त्याला उत्तर देणारे स्वतःचे साधन हवे होते. या वेळी संपादक म्हणून बाबासाहेबांचेच नाव होते. त्याच काळात वकिली होती, मुंबई विधिमंडळाचे काम होते, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढची साक्ष होती, विधी महाविद्यालयातील अध्यापन होते. या सगळ्यातून वेळ काढून अंकाचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहून काढावे लागत.

'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या लेखात त्यांनी समाजालाच जाब विचारला. जे पत्र तुमच्यासाठी झिजते आहे, त्याचे तुम्ही काही देणे लागता की नाही, असा तो रोखठोक सवाल होता. हा लेख आम्ही अभ्यासवर्गात आवर्जून वाचायला सांगतो. 'बाबासाहेब कधी थकत नव्हते' असे म्हणत आपण त्यांना आपल्यापासून फार दूर नेऊन ठेवतो. कामाचा भार त्यांच्यावरही पडत होता आणि समाजाची उदासीनता त्यांनाही बोचत होती. ती बोच मनात दाबून न ठेवता त्यांनी ती वाचकांसमोर मांडली आणि मदत मागितली.

१९२९ च्या नोव्हेंबरात 'बहिष्कृत भारत' थांबले. वर्षभरात 'जनता' निघाले. एक पत्र बंद पडले म्हणून पत्रकारिता बंद करायची नसते, हे यातून शिकायचे.

वीणेच्या तारा

सातत्य म्हणजे रोज रात्री जागणे, असा एक गैरसमज आपल्यात आहे. अंगुत्तर निकायात सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट येते. साधना करताना चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले. एवढे करूनही काही साधत नाही, तर घरी परतावे, असे त्याच्या मनात येऊ लागले. गृहस्थ असताना तो उत्तम वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला वीणेबद्दलच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? ढिल्या सोडल्या तर? दोन्ही वेळी उत्तर 'नाही' असेच होते. प्रयत्नांचेही तसेच असते, हे त्याला उमगले.

आमच्या पाहण्यात सुरुवातीला दर आठवड्याला अंक काढणारे गट लवकर थांबतात आणि महिन्याला चार पाने काढणारे पुढे जातात. झेपेल तेवढीच तार ताणा. परीक्षेच्या महिन्यात अंक दोन पानांचा करा, पण तारीख चुकवू नका. लिहिणाऱ्याची दमछाक हा त्याचा वैयक्तिक कमकुवतपणा नसून कामाची आखणी बिघडल्याची खूण आहे, हे गटातल्या प्रत्येकाने समजून घ्यावे.

दुसरा प्रश्न प्रतिसादाचा. मोबाईलवर टाकलेल्या लेखाखाली अंगठे किती आले हे दर दहा मिनिटांनी पाहण्याची सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे. शंभर आले तर हवेत आणि चार आले तर निराशा. लाभ-हानी, यश-अपयश, निंदा-स्तुती, सुख-दुःख या आठ लोकधर्मांनी मन हलू देऊ नये, ही शिकवण लिहिणाऱ्याने रोजच्या व्यवहारात आणण्यासारखी आहे. पाणीप्रश्नावरचा लेख चाळीस जणांनी वाचला आणि त्यातल्या दोघांनी तो घेऊन वॉर्ड ऑफिस गाठले, तर तो लेख यशस्वी झाला.

वाचकांतून लेखक घडवणे

बाबासाहेबांच्या नंतरच्या काळात सातत्याचे मोठे उदाहरण म्हणजे 'अस्मितादर्श'. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून हे त्रैमासिक साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू केले आणि पुढे अनेक दशके चालवले. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर संशोधन करणाऱ्या या संपादकाने एक महत्त्वाची गोष्ट केली. 'अस्मितादर्श'च्या नावाने लेखक-वाचक मेळावे भरवले. वाचणारा तिथे लिहिणाऱ्याला भेटे आणि स्वतः लिहिता होई. दलित साहित्यातल्या कितीतरी लेखकांना या त्रैमासिकाने व्यासपीठ दिले.

आपल्याकडे उलट घडते. गटात लिहिता येणारे दोघे असतात आणि बाकीचे टाळ्या वाजवणारे. मुली तर बहुतेक वेळा सूत्रसंचालनापुरत्या आठवतात. घरकाम करणारी आई, सफाई कामगार काका, शिवणकाम करणारी ताई यांच्याकडे सांगण्यासारखे भरपूर असते. त्यांना लिहिता येत नसेल तर कोणी तरी बसून ऐकून लिहून घ्यायचे. यामुळे मजकुराचा तुटवडा संपतो आणि ज्याचे बोलणे छापले गेले ते घर त्या अंकाचे कायमचे वाचक होते.

गटाने बसून ठरवायच्या गोष्टी

१. हेतू एका वाक्यात लिहा आणि प्रत्येक अंकाच्या आधी वाचा. 'समाजप्रबोधन' एवढे म्हणून भागत नाही. 'आपल्या वॉर्डातील शिक्षण आणि पाणी यांवर महिन्याला खात्रीची माहिती देणे' असा हेतू असला की काय छापायचे आणि काय नाही हे आपोआप ठरते.

२. तारीख पक्की ठेवा. पौर्णिमेला विहारात लोक जमतात, तोच अंक वाटण्याचा दिवस ठरवता येईल.

३. पहिला अंक काढण्यापूर्वी तीन अंकांचा मजकूर तयार ठेवा. कोणी आजारी पडले, कोणाची परीक्षा आली तरी अंक अडत नाही.

४. किमान पाच जणांत काम वाटा: मजकूर गोळा करणे, तपासणे, मांडणी, वाटप, हिशेब. दर सहा महिन्यांनी कामे अदलाबदल करा, म्हणजे प्रत्येक काम किमान दोघांना येईल.

५. वर्गणी छोटी ठेवा, पण घ्या. दहा रुपये देणारा वाचक फुकट घेणाऱ्यापेक्षा आपुलकीने वाचतो. जमाखर्च प्रत्येक अंकात छापा. एकाच पुढाऱ्याच्या पैशावर अंक निघाला तर त्याच्याविरुद्धची बातमी छापायची वेळ आली की हात अडखळतो.

६. तारीख, ठिकाण आणि नाव तपासल्याशिवाय काही छापू नका. एक चुकीची बातमी दहा खऱ्या बातम्यांवरचा विश्वास घालवते.

७. प्रत्येक अंकाच्या दोन प्रती विहाराच्या कपाटात क्रमाने लावून ठेवा. आज ज्या पानावर वडापाव बांधला जाईल, तेच पान वीस वर्षांनी एखाद्या संशोधकाला शोधून सापडणार नाही.

सातवा मुद्दा वाचून काहींना हसू येईल. पण 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' आज आपल्याला ग्रंथरूपात वाचायला मिळतात, कारण कोणीतरी ते अंक जपून ठेवले होते. तेव्हा या पौर्णिमेला विहारात बसा, वरच्या सात मुद्द्यांपुढे सात नावे लिहा आणि मगच अंकाचे नाव काय ठेवायचे यावर चर्चा करा.

जय भीम!