पाण्यातला तो दुसरा

हल्ली कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं साहेबांशी बिनसलं, की समोरच्यावर पटकन शिक्का बसतो: नार्सिसिस्ट. दिवसाला दहा सेल्फी टाकणारी भाची नार्सिसिस्ट आणि चारचौघांत स्वतःचंच घोडं पुढे दामटणारे काकाही नार्सिसिस्ट. ज्याच्या नावावरून हे सगळं आलं तो ग्रीक पोरगा मात्र स्वतःच्या प्रेमात पडून मेला, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. त्याची मूळ कथा नीट वाचली तर एक गोष्ट खटकते. पाण्यात दिसतोय तो आपणच आहोत, हे त्याला सुरुवातीला माहीतच नव्हतं.

आज आपण सांगतो ती कथा मुख्यतः ओव्हिड या रोमन कवीची. इसवी सन 8 च्या सुमारास त्याचं ‘मेटामॉर्फोसेस’ हे पंधरा खंडांचं काव्य पूर्ण झालं. माणसांची झाडं, पक्षी, दगड, तारे होण्याच्या शेकडो कथा त्यात आहेत.

तिसऱ्या खंडात नार्सिसस येतो. बाप सेफिसस नावाचा नदीदेव, आई लिरिओपी ही जलपरी. हा मुलगा म्हातारपण बघेल का, असं आई टायरेसियस या आंधळ्या भविष्यवेत्त्याला विचारते. तो म्हणतो, बघेल, स्वतःला ओळखलं नाही तर. डेल्फीच्या देवळावर ‘स्वतःला ओळख’ असा उपदेश कोरलेला होता आणि शहाणपणाची सुरुवात तिथून होते असं ग्रीक मानत. इथे तीच ओळख जिवावर उठणार आहे. ओव्हिडचा खवचटपणा असा पहिल्याच वळणावर दिसतो.

सोळाव्या वर्षी नार्सिसस असा देखणा होतो की मुली आणि मुलगे दोघेही त्याच्यामागे लागतात. तो कुणालाच जवळ येऊ देत नाही. झिडकारलेल्यांत एको ही वनपरीही असते. तिच्यावर आधीच एक शाप आहे. देवांचा राजा ज्युपिटर पऱ्यांबरोबर रमलेला असताना ही त्याच्या बायकोला, ज्यूनोला, गप्पांत गुंतवून ठेवायची. ते लक्षात आल्यावर ज्यूनोने तिची जीभच बांधून टाकली: स्वतःहून बोलायचं नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत करायचे. नवऱ्याच्या भानगडीची शिक्षा नवरा सोडून भलत्याच बाईला, हे तिथल्या देवलोकात नेहमीचंच.

आता या एकोने प्रेम व्यक्त करायचं कसं? जंगलात सोबत्यांपासून चुकलेला नार्सिसस हाका मारतो आणि ती त्याच्याच शब्दांतून आपल्याला हवा तो अर्थ काढते. कुणी आहे का इथे, असं तो विचारतो; ती सांगते, आहे. भेटूया म्हटल्यावर ती आनंदाने तेच म्हणत झाडीतून पुढे येते. तो मागे सरतो आणि ओरडतो की तुला माझा ताबा देण्यापेक्षा मेलेलं बरं. मूळ लॅटिनमध्ये या वाक्याचं शेपूट ‘तुला माझा ताबा’ असं आहे; तेच तिच्या वाट्याला येतं, आणि तेवढ्यात नकाराचं समर्पण होऊन जातं. नुसती पोपटपंची म्हणून एकोची बोळवण करणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. उसन्या शब्दांत ती तिचंच बोलते. पुढे झुरून तिचं अंग सुकतं, हाडांचे दगड होतात आणि मागे आवाज उरतो.

यानंतर एक झिडकारलेला तरुण आकाशाकडे हात करून मागणं मागतो: यालाही असंच प्रेम व्हावं आणि हवं ते मिळू नये. नेमेसिस ते ऐकते. गर्वाने चढलेल्याला खाली आणणारी ही देवी. शापाचे शब्द ध्यानात घ्यायला हवेत. तू स्वतःवर प्रेम करशील, असं त्यात कुठेच नाही. शाप आहे तो एकतर्फी प्रेमाचा.

शिकारीने दमलेला नार्सिसस एका तळ्यावर येतो. गुरं-मेंढ्या कधी तिथे फिरकल्या नाहीत, पाण्यात कधी फांदीही पडलेली नाही. तो प्यायला वाकतो आणि पाण्यातल्या त्या दुसऱ्यावर भाळतो. चुंबन घेऊ जातो, मिठीसाठी पाण्यात हात घालतो. आमच्यामध्ये समुद्र नाही, डोंगर नाही, इवल्याशा पाण्याचा तेवढा अडसर, अशी तक्रार करतो. हे सगळं एकोचंच दुःख आहे. फक्त आता तो तिच्या जागी आहे.

मग तो आपणच आहोत हे त्याला कळतं कसं? माझ्या मते सबंध कथेतली सगळ्यात सुंदर जागा हीच. समोरच्याचे ओठ हलतात, पण त्याचे शब्द कानांवर येत नाहीत. त्यावरून त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. एकोचं रूप गेलं, आवाज राहिला. प्रतिबिंबाला रूप आहे, आवाज नाही. ओव्हिडच्या आधीच्या, आज हाती असलेल्या साहित्यात ही दोघं एकत्र भेटत नाहीत. ही जोडी बहुधा त्यानेच जमवली, आणि ती का जमवली हे इथे उलगडतं. ओळख पटल्यावर नार्सिसस विलक्षण इच्छा करतो: आपल्याला आपल्या देहापासून वेगळं होता आलं असतं तर! जिच्यावर प्रेम आहे ती व्यक्ती दूर असावी, असं मागणारा प्रियकर विरळाच. तो तिथेच झिजून जातो आणि देहाच्या जागी पांढऱ्या पाकळ्यांचं, केशरी गाभ्याचं फूल सापडतं.

ओव्हिडच्याच काळातल्या कोनॉन या ग्रीक लेखकाने सांगितलेली कथा जास्त रांगडी आहे. तीत एको नाहीच. ग्रीसमधल्या थेस्पिया गावचा नार्सिसस आपल्यामागे लागलेल्या अमिनियसला तलवार पाठवतो आणि अमिनियस त्याच्याच दारात तिने जीव देतो. मरताना तो देवाकडे सूड मागतो. थेस्पियाचं मुख्य दैवत इरॉस, म्हणजे साक्षात प्रेमदेव. त्यामुळे कामदेवाला हेटाळाल तर याद राखा, असा दम त्या कथेत आहे.

दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासवर्णनकार थेस्पियाच्या परिसरात नार्सिससचा झरा पाहायला गेला. प्रेमात पडण्याइतक्या वयाच्या मुलाला माणूस आणि प्रतिबिंब यांतला फरक कळू नये, हे त्याला मूर्खपणाचं वाटलं. त्याने दुसरी एक कथा नोंदवली: नार्सिससला हुबेहूब त्याच्यासारखी जुळी बहीण होती, ती वारली, आणि पाण्यात तिची सय येते म्हणून तो तिथे बसायचा.

मग हे नाव दवाखान्यात कसं पोचलं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅवलॉक एलिस आणि पॉल नेके या डॉक्टरांनी ते मनोविकारांच्या चर्चेत आणलं, 1914 मध्ये फ्रॉइडने त्यावर निबंध लिहिला आणि 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ‘नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ दाखल झाला. आजच्या सूचीत त्याचे नऊ निकष आहेत, निदानासाठी किमान पाच जुळावे लागतात. स्वतःच्या मोठेपणाच्या अवास्तव कल्पना, सतत कौतुकाची भूक, इतरांना वापरून घेणं, दुसऱ्याच्या भावनांची कदर नसणं वगैरे. जंगलात एकोला झिडकारणारा नार्सिसस यांतल्या काहींत बसेल. तळ्याकाठचा मात्र बसणार नाही. त्याला कौतुक नकोय, समोरच्याचं उत्तर हवंय, आणि त्यासाठी तो उपाशी बसलाय.